उणे 20 अंशांतही मांस नासतं: मूसच्या शिकारीची तयारी कुठून सुरू करायची?

माझी मामेबहीण एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, "ताई, पहिल्यांदाच फील्डवर्कला चाललेय, बॅगेत काय काय भरू?" मी म्हटलं, बॅग राहू दे बाजूला, आधी एक गणित सोडव. तेच गणित तुम्हालाही घालते.

अलास्कातला पूर्ण वाढलेला नर मूस 725 किलोपर्यंत भरतो. आतडी-कोथळा, कातडं, डोकं, पाय काढल्यावर उरतात साधारण 430 किलो, आणि त्यातून खाण्याजोगं मांस निघतं 225 किलोच्या आसपास. बर्फातून चालणारा माणूस एका खेपेला पाठीवर 30 किलो नेतो असं धरा. शिकार रस्त्यापासून 3 किलोमीटर आत झाली. तर सगळं मांस रस्त्यावर आणायला एकट्या माणसाला किती चालावं लागेल?

आठ खेपा भरलेल्या, सात रिकाम्या परतीच्या. पंधरा वेळा 3 म्हणजे 45 किलोमीटर, त्यातले 24 ओझ्यासकट. हाडासकट न्यायचं असेल तर आणखी जास्त. हे उत्तर एकदा कागदावर उतरलं की पुढचा प्रश्न आपोआप सुटतो: इतक्या आत दिसलेल्या मूसवर गोळी झाडायची का? बहुतेक वेळा नाही. आणि हे "नाही" घरी, टेबलाशी बसून ठरवायचं असतं. समोर जनावर उभं असताना, हातात बंदूक आणि छातीत धडधड असताना माणूस गणितं करत नाही.

हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही. आमच्या लॅबमधली यंत्रं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, साठी ओलांडलेले, आयुष्य फेअरबँक्समध्ये गेलेले. त्यांच्याबरोबर दोनदा हिवाळी शिकारीला मी मदतनीस म्हणून गेले. बंदूक मी हातात धरलेली नाही, ओझी मात्र वाहिली आहेत.

थोडी ओळख. मूस हा हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. (आपल्याकडे मूस म्हणजे सोनाराची, सोनं वितळवायची. आईला अजून वाटतं मी धातुशास्त्रात पीएच.डी. करतेय.) वजनाला राधानगरीच्या गव्याच्या जवळपास, पण पाय कितीतरी लांब, बर्फातून चालायला घडवलेले. मी काम करते ते मूसच्या हिवाळी पोषणावर: बर्फ पडल्यावर वाळुंजाच्या काटक्यांवर जगणारा हा प्राणी वसंतापर्यंत किती चरबी शिल्लक राखतो. त्यासाठी मला मांडीचं हाड आणि पुढचा एक दात लागतो. दाताचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की मुळावरच्या थरांत झाडाच्या खोडासारखी वर्षं मोजता येतात. हाडातल्या मगजावरून चरबीचा अंदाज येतो. ही दोन्ही मला शिकारी देतात. म्हणजे माझा डेटा त्यांच्या तयारीवर उभा आहे. त्यांचं चुकलं तर माझंही चुकतं.

शिकार हा शब्द ऐकून

तुमच्यापैकी अनेकांना इथेच अडखळल्यासारखं होईल. आपण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सावलीत वाढलो, शिकार म्हणजे गुन्हा हेच डोक्यात पक्कं. अलास्कात चित्र वेगळं आहे. तिथल्या राज्यघटनेतच लिहिलंय की वन्यजीवांसारखी पुन्हा भरून येणारी संपत्ती टिकून राहील अशाच बेतानं वापरायची. दूरच्या खेड्यांत दुकानातलं मांस विमानानं येतं आणि परवडत नाही. तिथे एक मूस म्हणजे एका घराचा हिवाळा.

मुख्य हंगाम सप्टेंबरात, नरांचा. पण काही भागांत हिवाळ्यात शिंगं नसलेल्या मूसचे मोजके परवाने निघतात. नरांची शिंगं तोवर गळून पडू लागलेली असतात, पण हे परवाने असतात ते मुख्यतः माद्यांची संख्या आवरण्यासाठी. मादी का मारायची, हा वाद तिथेही आहे, आणि जोरदार आहे. इतका की असा हंगाम दरवर्षी नव्यानं मंजूर करून घ्यावा लागतो आणि स्थानिक सल्लागार समित्यांपैकी बहुमताची शिफारस लागते.

शास्त्राची बाजू अशी. फेअरबँक्सच्या दक्षिणेकडच्या सखल भागात मूस एवढे वाढले होते की चारा पुरेना. उपासमारीनं पटापट मेले, असं काही झालं नाही. झालं ते हळू आणि डोळ्यांना न दिसणारं: माद्या उशिरा वयात येऊ लागल्या, जुळी पिल्लं कमी झाली. रॉडनी बोएर्त्ये आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये या खुणांची मोजपट्टी मांडली. जुळ्यांचं प्रमाण अनेक वर्षांच्या सरासरीत 10 टक्के किंवा त्याखाली असेल, तर कळप चाऱ्याच्या मर्यादेला टेकलाय, अशी त्यातली एक खूण. तुम्ही लोकसंख्या-परिस्थितिकी शिकत असाल तर तो निबंध जरूर वाचा. "किती प्राणी आहेत" हे सोडून "जे आहेत ते कसे आहेत" हे त्यात विचारलंय.

तरीही, फेब्रुवारीतली मादी बहुतेक वेळा गाभण असते. हे लिहिताना मलाही अवघड जातं. आलेख समजतो म्हणून ते सोपं होत नाही.

यादी शेवटाकडून

पहिल्या वेळी जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला यादी करायला सांगितली. माझ्या यादीची सुरुवात बंदूक, दुर्बीण, स्लीपिंग बॅग अशी होती. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं: "मांस फ्रीझरमध्ये." मग विचारलं, त्याच्या आधी काय होतं? घरी गॅरेजमध्ये टांगायची जागा. त्याच्या आधी? ट्रक. त्याच्या आधी? स्लेड, दोर, हातविंच. त्याच्या आधी? कातडं काढणं आणि तुकडे करणं: तीन-चार धारदार सुऱ्या, कारण एकीची धार अर्ध्यातच जाते, आणि लोकरीच्या हातमोज्यांवर चढवायचे रबरी मोजे, कारण रक्तानं ओले झालेले हात उणे 20 ला काही मिनिटांत कामातून जातात. असं मागे मागे येत बंदूक यादीत शेवटून दुसरी आली. शेवटची होती "आज जायचं नाही" ची कारणं.

यामागे कायदाही आहे. अलास्कात मूस मारला की खाण्याजोगं सगळं मांस बाहेर आणणं सक्तीचं आहे: चारही पाय, मान, छाती, बरगड्यांवरचं, पाठीच्या कण्यालगतचं. सोडून आलात तर गुन्हा. आणि शेवटचं मांस जागेवरून उचलल्याशिवाय शिंगं हलवता येत नाहीत. हा नियम मला फार आवडतो. ज्यानं तो लिहिला त्याला माणसाची लालूच नीट कळली होती.

आता शीर्षकातला प्रश्न. सगळीकडे बर्फ, थर्मामीटर उणे 20 दाखवतोय, अख्खं जंगलच फ्रीझर. मग मांस खराब कसं होईल?

रात्री गरम खिचडी डब्यात घट्ट बंद करून, वर टॉवेल गुंडाळून ठेवली आणि सकाळी उघडली, तर काय होतं? आंबते. बाहेर कितीही गारठा असो, डब्याच्या मधोमध ती पहाटेपर्यंत कोमटच असते आणि जिवाणूंना तेच हवं असतं. मेलेला मूस हा असा डबा आहे. आत 38-39 अंशांचं शरीर, पोटात आंबत असलेला चाऱ्याचा प्रचंड साठा, वर हवा धरून ठेवणारे दाट केस. उष्णता बाहेर पडते पृष्ठभागातून, साठलेली असते आकारमानात. वस्तू दुप्पट मोठी केली तर पृष्ठभाग चौपट होतो पण आकारमान आठपट. म्हणून मोठा प्राणी हळू गार होतो. मूससाठी हिवाळ्यात उणे 5 च्या वर गेलं तर "उकडायला" लागतं, असं 1986 मध्ये रेनेकर आणि हडसन यांनी मांडलं. (हा आकडा आजही सगळीकडे उद्धृत होतो. तो हातावर मोजण्याइतक्या पाळीव मूसवरून काढलेला आहे, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. मूळ निबंधातला "पद्धती" विभाग वाचायची सवय लावा.) जिवंतपणी त्याला वाचवणारं हेच पांघरूण मेल्यावर मांस नासवतं, आणि सुरुवात होते मांडीच्या हाडाजवळ, जिथे स्नायू सगळ्यात जाड.

नवखा माणूस यावर उपाय करतो तो नेमका उलटा: जनावर बर्फात पुरतो. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच असते. ती गोधडी आहे, फ्रीझर नव्हे. खरा उपाय म्हणजे लगेच पोट उघडणं, कातडं काढणं, पाय वेगळे करणं आणि तुकडे फांद्यांच्या जाळीवर असे ठेवणं की खालूनही वारा जाईल.

पण गंमत इथे संपत नाही. फार पटकन गार झालं तरी बिघडतं. मेल्यावर स्नायू ताठर व्हायला काही तास लागतात. त्याआधीच तो 10 अंशांच्या खाली गेला तर आकसतो आणि मांस चामड्यासारखं चिवट होतं. त्याआधीच गोठलं, तर त्रास वितळताना होतो. हाडाला चिकटलेला स्नायू कमी आकसतो, म्हणून हाडासकट नेण्याला अर्थ आहे, वजन वाढलं तरी. म्हणजे एका बाजूला नासणं, दुसऱ्या बाजूला चिवटपणा, आणि मधली वाट हवामानावर अवलंबून. आमचे गृहस्थ उणे 30 च्या दिवशी निघतच नाहीत. थंडी सोसते त्यांना, पण त्या दिवशी माणूस, यंत्र आणि मांस तिन्ही एकदम बिघडतात, असं त्यांचं म्हणणं.

माझे स्टिकर

आता माझी चूक सांगते. पहिल्या हिवाळ्यात मी शिकाऱ्यांना वाटायला पिशव्या तयार केल्या. प्रत्येकीत एक झिपची पिशवी हाडासाठी, एक छोटी दातासाठी, वर प्रिंटरवर छापलेलं सुबक स्टिकर, सोबत जेल पेन. लॅबमध्ये सगळं झकास दिसत होतं. लॅब 21 अंशांवर होती.

पिशव्या परत आल्या तेव्हा पेटीच्या तळाशी सहा स्टिकर सुटे पडले होते. थंडीत गोंद सुटला होता. पेनं गोठली होती, म्हणून काहींनी तारखाच लिहिल्या नव्हत्या. सहा हाडं, सहा दात, सहा स्टिकर, आणि कुठलं कुणाचं ते सांगायला कुणीच नाही. त्याहून वाईट होतं ते झिपचं. मगजातली चरबी मोजायची जुनी सोपी पद्धत म्हणजे मगज वाळवायचा आणि उरलेल्या वजनाचं ताज्या वजनाशी प्रमाण काढायचं. पाणी उडून जातं, मागे राहते ती मुख्यतः चरबी. आता पिशवीचं तोंड नीट बंद नसेल आणि हाड फ्रीझरमध्ये महिनाभर पडलं असेल, तर पाणी आधीच थोडं उडालेलं असतं. म्हणजे माझ्या तक्त्यात तो मूस आहे त्याहून गुबगुबीत दिसणार. आकडा नसता तर मला कळलं तरी असतं. हा आकडा होता, नेटका दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि चुकीचा.

ती सहा जनावरं मी विश्लेषणातून काढली. ज्यांनी दोन-दोन दिवस बर्फात राबून माझ्यासाठी वेगळं हाड आणलं होतं त्यांना हे फोन करून सांगणं, हे माझ्या आजवरच्या संशोधनातलं सगळ्यात लाजिरवाणं काम होतं. दुसऱ्या वर्षी पिशव्या घरच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून तपासल्या. आता चिठ्ठी जाड कागदाची, दोऱ्यानं हाडालाच बांधलेली, आणि लिहायला शिसपेन्सिल. पेन्सिल गोठत नाही.

वाट, कपडे, बंदूक

हा भाग भराभर सांगते, कारण यातलं बरंच तुम्हाला कुणीही सांगेल. सुती कपडा एकही नको. घाम हा तिथला खरा शत्रू, म्हणून निघताना थोडं कुडकुडायला झालं पाहिजे. पायात पांढरे फुगीर रबरी बूट, ज्यांना तिथे बनी बूट म्हणतात. दिसायला विनोदी, पण बोटं वाचतात. फोन आणि बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. बंदुकीतलं नेहमीचं तेल थंडीत काकवीसारखं घट्ट होतं, म्हणून ते पुसून काढतात. आणि गार बंदूक उबदार तंबूत आणत नाहीत: आत आणली की दव धरतं, बाहेर नेली की तेच दव बर्फ होऊन चाप अडकतो. चष्मेवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

नदीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. स्नोमशीननं जायचे रस्ते म्हणजे बहुधा गोठलेल्या नद्याच. वर सपाट बर्फ दिसतो, आणि त्याखाली, कडक बर्फाच्या वर, पाणी असू शकतं. वरच्या बर्फाच्या वजनानं कडक थर खाली दबतो, तडा जातो, पाणी वर येतं, आणि भुसभुशीत बर्फाच्या त्याच गोधडीखाली ते गोठत नाही. तिथले लोक याला ओव्हरफ्लो म्हणतात. स्नोमशीन त्यात रुतली की पाय ओले होतात, आणि उणे 20 ला ओले पाय म्हणजे तातडीचा प्रसंग. म्हणून दोन यंत्रं, एकात सगळ्यांसाठी कोरडे मोजे-बूट, आगकाडीची पेटी दोन ठिकाणी, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, आणि गावात एकाजवळ कागद: आम्ही इथे जातोय, इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा. फेब्रुवारीच्या मध्याला फेअरबँक्समध्ये दिवस जेमतेम साडेआठ तासांचा. कातडं काढायला आणि तुकडे करायला दोघांना तीन-चार तास. म्हणून दुपारी एकनंतर गोळी नाही, हे "जायचं नाही" च्या शेजारी लिहिलेलं होतं.

आणि बर्फाची खोली. साधारण 70 सेंटिमीटरच्या पुढे मूसला चालणं जड जातं, 90 च्या पुढे फारच. तेव्हा ते नदीकाठच्या वाळुंजात, रस्त्यांवर, रेल्वेच्या रुळांवर येतात. शिकाऱ्याला ते सोपे सापडतात. पण तेव्हाच त्यांची चरबी संपत आलेली असते, आणि उगाच पळवलं तर ती आणखी जळते. म्हणून लांबून दुर्बिणीनं बघायचं, स्नोमशीन मागे लावायची नाही.

पहिली फेरी

साडेअकराला मादी दिसली. नदीपासून 400 मीटरवर, वाळुंजात, एकटी. वेळ बरोबर, अंतर बरोबर, थंडी उणे 14. आमच्या कागदावरच्या सगळ्या अटी जुळत होत्या. त्यांनी बंदूक टेकवली आणि थांबले. परवान्यात अट होती: पिल्लू मारायचं नाही, आणि पिल्लू सोबत असलेली मादीही नाही. पाच मिनिटं. दहा. माझ्या पापण्यांवर बर्फ धरला होता. मनात म्हणत होते, एकटीच आहे, अजून काय बघायचं? मला ते हाड हवं होतं, हे कबूल करते.

वीस-बावीस मिनिटांनी तिच्या मागच्या झुडपातून नऊ महिन्यांचं पिल्लू उठलं. इतका वेळ ते बर्फात बसून होतं. खोल बर्फात आईनं तुडवलेल्या वाटेनंच ते पिल्लू चालतं. त्यांनी बंदुकीतली गोळी काढली, थर्मासमधला चहा ओतला, आणि आम्ही परत निघालो.

घरी आल्यावर मी समजले होते की संपलं. पण शिकार मिळाली नाही तरी अहवाल भरावाच लागतो, हंगाम संपल्यापासून 15 दिवसांच्या आत: गेलो होतो, इतके दिवस, इथे, मिळालं नाही. मी विचारलं, याचा काय उपयोग? ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला माझीच लाज वाटली, कारण हा प्रश्न मी विचारायला नको होता. शंभर जणांना पन्नास मूस मिळाले आणि तीनशे जणांना पन्नास मिळाले, ही दोन वेगळी जंगलं आहेत. फक्त मिळालेले पन्नास मोजले तर दोन्ही सारखीच दिसतात. रिकाम्या हातानं आलेल्यांनी अहवाल भरला नाही, तर छेद कायमचा हरवतो, आणि पुढच्या वर्षीचे परवाने चुकीच्या आकड्यावर निघतात.

त्यांनी अहवालात लिहिलं: दिवस 1, शिकार नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही त्याच नदीवर गेलो. त्या वेळी मिळाली, म्हातारी मादी, सोबत पिल्लू नाही. नदीपासून 250 मीटर, सकाळी पावणेअकरा. अंधार पडायच्या आत सगळं मांस स्लेडवर होतं. मांडीचं हाड मी स्वतः पिशवीत घातलं, दोरा बांधला, पेन्सिलनं तारीख लिहिली. दातात चौदा वर्षं निघाली. मगजातली चरबी अजून मोजायची आहे, हाड फ्रीझरमध्ये आहे, आणि दर सोमवारी मी पिशवीचं तोंड तपासते.